निर्लेखन कशाचं? लॅपटॉपचं की आपल्या अकलेचं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय लॅपटॉपचा असला तरी पैसा तुमचा-माझा आहे.

आपल्या सरकारी, निमसरकारी कार्यालयांत आणि अनुदानित संस्थांत एक शब्द फार लाडका आहे. निर्लेखन. डेडस्टॉक रजिस्टरला एक ओळ, खाली दोन-तीन सह्या, आणि वस्तू भंगारात. खुर्ची मोडली, निर्लेखन. पंखा जळला, निर्लेखन. त्याला माझी हरकत नाही. पण आता त्याच रांगेत लॅपटॉप उभे केले जातायत, आणि तो चालतो की नाही हे बघायला कुणी त्याचं झाकणसुद्धा उघडत नाही. वर्षं मोजायची आणि वजनकाट्यावर टाकायचा. लॅपटॉप, साहेब! किलोच्या भावात!

हे मी ऐकीव लिहीत नाही. बातम्या पाठवून झाल्या की रात्री घरी मी जुने लॅपटॉप दुरुस्त करतो. कुणी छंद म्हणेल, घरचे खाज म्हणतात. भंगारवाल्याकडून, ओळखीच्यांच्या माळ्यावरून, बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आलेली यंत्रं माझ्या टेबलावर उघडी पडलेली असतात. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. ‘मेला’ म्हणून आलेल्या लॅपटॉपपैकी निम्म्याहून जास्त मेलेले नसतातच.

मग झालेलं काय असतं? चार्जिंगची पिन जिथे घुसते तो जॅक हललेला असतो. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ बसलेला असतो, तो शाळकरी पोराच्या खोडरबरने निघतो. पंख्यात धूळ आणि केसांचा गोळा अडकलेला असतो, त्यामुळे यंत्र तापतं आणि आपोआप बंद होतं. पंखा साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली की मशीन गप गार. आत नाण्याएवढा सेल असतो, तो संपला की तारीख-वेळ पुसली जाते आणि चालू करताना भलताच संदेश येतो. तो संदेश बघून लोक म्हणतात, ‘बोर्ड गेला.’ बोर्ड नाही गेला हो, सेल गेला! आणि ‘फार स्लो चालतो’ ही तक्रार असेल तर बहुतेक वेळा जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही.

सगळंच वाचतं असं मी म्हणत नाही. फुगलेली बॅटरी घरात ठेवायची नसते, ती टोचून-दाबून बघायची तर अजिबात नाही. पाणी जाऊन गंजलेला बोर्ड कधी उठतो, कधी नाही. पण वाचतं की नाही हे उघडून बघितल्यावर ठरतं. रजिस्टरमधली खरेदीची तारीख बघून ठरत नाही.

आता दुकानात जा. काउंटरवरचा पोरगा लॅपटॉप हातात घ्यायच्या आधीच सांगतो, ‘पार्ट येत नाहीत काका, नवा घ्या.’ त्या पोराला मी दोष देत नाही. तो रोज कंपन्यांनी बंद केलेल्या दारांवर डोकं आपटतो. आयबीएमने १९९२ मध्ये थिंकपॅड आणला. २००५ मध्ये तो धंदा लेनोवोकडे गेला. पण त्या मालिकेतल्या मशीनची दुरुस्ती-पुस्तिका दोन्ही कंपन्यांच्या काळात सगळ्यांना खुली होती. कुठला स्क्रू आधी, कुठला नंतर, सगळं चित्रासकट. २०११ चा टी४२० घ्या. एक स्क्रू काढला की हार्ड डिस्क हातात येते. खालचं छोटं झाकण काढलं की रॅम समोर. बॅटरी तर खटका सरकवून निघते. त्या मशीनमध्येही कंपनीने खोडी केलीच होती, ठराविक वायफाय कार्ड सोडून दुसरं लावलं तर मशीन सुरूच व्हायचं नाही. पण एकंदरीत माणसाने हे उघडावं, अशा हिशेबानं ते बनवलं होतं.

आणि आता? २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये ॲपलने रॅम बोर्डाला डाग देऊन टाकली आणि बॅटरी चिकटवून टाकली. पुढे बाकीच्या कंपन्यांनाही ही वाट आवडली. बारीक दिसतो, हलका असतो, सगळं खरं. पण रॅम कमी पडली तर बोर्डच बदला, म्हणजे नवाच घ्या. ट्रॅक्टर घेतला आणि बॉनेट वेल्डिंग करून मिळालं, तर आपण शोरूममध्ये ठेवू का तो? लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण गुपचूप घेतो.

त्यात भर विंडोजची. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ दिली, बस. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६-१७ मध्ये घेतलेले, आजही ठणठणीत चालणारे लॅपटॉप एका तारखेला ‘कालबाह्य’ झाले. त्यांच्यात बिघाड काहीच नाही. बिघाड कागदावर झाला. आणि आपल्या कार्यालयांना तर कागदच हवा असतो! ‘सॉफ्टवेअर सपोर्ट संपुष्टात आल्याने निर्लेखित’ असं एका ओळीत लिहिलं की झालं.

‘मग काय जुनं विंडोज इंटरनेटला जोडून धोका पत्करायचा?’ असं विचारणारे आहेत. प्रश्न रास्त आहे. नाही पत्करायचा. अशा मशीनवर लिनक्स टाकायचं. फुकट आहे, सुरक्षा-अपडेट येत राहतात, मराठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सवर पोरं शिकतायत. तिथली पोरं जमवतात तर आपल्याकडच्या क्लार्कला काय अडचण आहे? यालाही मर्यादा आहे. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ पासून ३२-बिट मशीनवर नव्याने बसवण्याची सोय गेली. म्हणजे फार जुन्या यंत्रांचा रस्ता अरुंद होत चाललाय. पण दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप त्यात मोडत नाही. शाळेत टायपिंग, गणित, नकाशे, वाचनालयाची यादी, एवढ्याला तो पुरून उरतो.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. ‘शाळांना का देत नाही?’ असं विचारलं की कार्यालयातून ठरलेलं उत्तर येतं: ‘त्यात शासकीय माहिती असते हो.’ बरं. मग भंगारवाल्याला देताना ती माहिती कुठे जाते? मागच्या वर्षी भंगारातून उचललेल्या एका लॅपटॉपची डिस्क मी जोडली, तर आत एका योजनेच्या लाभार्थ्यांच्या याद्या. नावं, आधार क्रमांक, बँक खाती. डिस्क पुसणं सोडा, फोल्डरला साधा पासवर्डही नव्हता. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, डिस्क त्याच रात्री पूर्ण पुसली. पण माझ्याऐवजी ती दुसऱ्या कुणाच्या हातात पडली असती तर? विधवा पेन्शन घेणाऱ्या म्हातारीच्या खात्यावर कुणी हात मारला असता, तर ती कोणत्या टेबलासमोर जाऊन रडली असती? डिस्क न पुसता भंगारात देणं हा गबाळेपणा म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही. लोकांची माहिती रस्त्यावर टाकण्याचा प्रकार आहे.

कायदा काय म्हणतो तेही बघा. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात नुसतं तोडून धातू काढणारे नाहीत, वस्तू नीट करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही जागा आहे. पण एकदा कागदावर ‘ई-कचरा’ शिक्का बसला की तो नोंदणीकृत साखळीतच जायला हवा, आणि जायलाच हवा. उघड्यावर वायरी जाळून तांबं काढणं म्हणजे शेजाऱ्यांच्या फुफ्फुसात विष सोडणं आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तपासणी शिक्क्याच्या आधी करा. शिक्का मारल्यावर हळहळून उपयोग नाही.

दुरुस्तीच्या हक्काबद्दल दिल्लीतून घोषणा झाल्या. जुलै २०२२ मध्ये समिती झाली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल आलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. पोर्टल माहिती देतं, पण कंपनीने पार्ट दिला नाही तर कान कोण धरणार? फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्तीला किती सोपा याचे दहापैकी गुण लावावे लागतात. आपल्याकडे गुणांची चर्चा सुरू झाली, ती मोबाइल आणि टॅब्लेटपासून. लॅपटॉपचा नंबर लागेपर्यंत आणखी किती ट्रॉल्या भंगारात जाणार?

कुणी म्हणेल, जुन्या डबड्यांचं एवढं कौतुक कशाला? त्याला एक उदाहरण देतो. आपल्याकडच्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे जुने अंक पेजमेकरमध्ये लावलेले होते. मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. आजच्या संगणकावर ती फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फॉन्टचं पॅकेज चालायला डोंगल लागायचं, तेही प्रिंटरच्या लांबलचक पोर्टला लावायचं. ते पोर्ट आजच्या कुठल्या लॅपटॉपला असतं? मी २००० च्या आसपासचा एक लॅपटॉप उभा केला. आतला सेल बदलला, मेलेल्या डिस्कच्या जागी ॲडॅप्टर लावून कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड बसवलं, इंटरनेटपासून लांब ठेवला. आणि २००५ च्या पुराचे अंक पडद्यावर उघडले. कुठल्या गल्लीत पाणी कुठपर्यंत आलं होतं, कुठल्या वाडीची वाट किती दिवस बंद होती, सगळं नावानिशी. त्यानंतर २०१९ आणि २०२१ लाही पूर येऊन गेला. नदीकाठी बांधकामाला परवानगी देताना ही माहिती किती मोलाची आहे हे पूर पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. ते ‘डबडं’ किलोवर गेलं असतं तर गावाची ही आठवणही किलोवर गेली असती.

म्हणून चार मागण्या. निवेदनाचा मसुदा तयार आहे, सह्या हव्यात.

१) निर्लेखनाआधी प्रत्येक लॅपटॉपची एक पानी तपासणी. चालू होतो का, डिस्क, रॅम, स्क्रीन, बॅटरी. तपासणाऱ्याचं नाव आणि सही.

२) डिस्क पुसल्याची किंवा काढून नष्ट केल्याची लेखी नोंद. तिच्याशिवाय एकही मशीन दाराबाहेर जाता कामा नये.

३) नीट होण्यासारखे लॅपटॉप आयटीआयच्या पोरांकडून दुरुस्त करून जिल्हा परिषदेच्या शाळांना आणि वाचनालयांना. पोरांना काम शिकायला मिळेल, शाळांना यंत्रं. पहिले काही रविवार मी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येतो, फुकट.

४) खरोखर संपलेला माल फक्त नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे, पावतीसह.

यात कुठलीही नवी योजना नाही, निधी नाही, उद्घाटनाची फीतसुद्धा नाही. कदाचित म्हणूनच कुणाला रस नाही.

निवेदनाला उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात गेल्या पाच वर्षांतल्या निर्लेखित संगणक-लॅपटॉपची यादी, मिळालेली रक्कम आणि डिस्क पुसल्याच्या नोंदी मागणार आहे. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. जे मिळेल ते इथेच टाकीन, आणि काही मिळालं नाही तर तेही टाकीन.

तोवर तुमच्या माळ्यावर, कपाटावर एखादा बंद लॅपटॉप असेल तर भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी उघडून बघा. जमत नसेल तर कमेंटमध्ये मॉडेल लिहा, मी सांगतो काय करायचं ते. आणि ज्यांच्या ऑफिसात रजिस्टर आणि सह्या तयार आहेत, त्यांना ही पोस्ट नक्की पाठवा.