विश्लेषण : अडीच कोटी खाती बंद केल्यावरही ‘तत्काळ’ला आधार का लागले?

एसी डब्यांचे तत्काळ आरक्षण सकाळी १० वाजता सुरू होते, स्लीपरचे ११ वाजता. प्रवाशाचे नाव, वय भरून पेमेंटपर्यंत पोहोचेस्तोवर प्रतीक्षा यादी लागलेली असते. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना हे नवे नाही. २०२५ मध्ये रेल्वेनेच त्यामागचे एक कारण सांगितले. तत्काळच्या पहिल्या ५ मिनिटांत लॉगिनच्या एकूण प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे, म्हणजे माणसाऐवजी बटणे दाबणाऱ्या सॉफ्टवेअरचे, असतात.

या बॉटना लॉगिनसाठी खाती लागतात. त्यामुळे खरी गडबड नोंदणीपासूनच सुरू होते.

एकाला इतकी खाती कशाला?

आयआरसीटीसीच्या एका खात्यावरून महिन्याला १२ तिकिटे काढता येतात, आधार जोडल्यास २४. दलालाचे एवढ्यात भागत नाही. मग वेगवेगळ्या नावांनी खाती उघडली जातात. त्यासाठी ‘वापरा आणि फेका’ प्रकारचे ईमेल असतात. हा पत्ता काही मिनिटे चालतो, तेवढ्यात पडताळणीचा मेल येऊन जातो. प्रवाशांची माहिती आधीच भरून ठेवलेली असते. १० वाजले की सॉफ्टवेअर ती काही सेकंदांत फॉर्ममध्ये ओतते. मोबाइलवर टाइप करणारा माणूस या शर्यतीत हरणारच.

रेल्वेने काय केले?

अडीच कोटी संशयास्पद यूजर आयडी बंद केले. असे ईमेल देणारी ६,८०० हून अधिक डोमेन अडवली. बॉट रोखणारी यंत्रणाही बसवली. त्यानंतर २२ मे २०२५ रोजी सकाळी १० वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. हा तोपर्यंतचा विक्रम होता.

पण खाती नुसती बंद करून हा खेळ संपत नाही. नवे खाते फुकटात उघडता येत असेल, तर बंद झालेल्याच्या जागी दुसरे येते. म्हणून त्यातला साधा उपाय जास्त कामाचा वाटतो. आधार पडताळणी नसलेल्या नव्या खात्याला तत्काळ तिकीट काढण्यासाठी नोंदणीनंतर ३ दिवस थांबायला लावले गेले. प्रामाणिक प्रवाशाला याचा फारसा त्रास नाही, पण आज खाते उघडून उद्या वापरणाऱ्याचे गणित बिघडते.

१ जुलै २०२५ पासून मात्र ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणीच सक्तीची झाली. १५ जुलैपासून आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपीही लागू लागला. अधिकृत एजंटांना पहिली ३० मिनिटे तत्काळ तिकिटे काढण्यास मनाई झाली.

मग प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. खोटे खाते आता महाग झाले, पण आधार जोडलेली खाती टेलिग्रामवर विकली जात असल्याच्या बातम्या लगेचच आल्या. इथे कायदा कामी येतो. ९ जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अनेक आयडी उघडून ई-तिकिटांचा अनधिकृत धंदा करणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खालील गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आपले खाते ‘भाड्याने’ देणाऱ्यांनी हे वाचलेले बरे.

शिवाय बॉट गेले म्हणून गाडीत एकही बर्थ वाढत नाही. मागणी तेवढीच राहते, फक्त रांग थोडी खरी होते.

दुसरीकडे, दलालांना रोखण्याची किंमत काही साध्या प्रवाशांनाही मोजावी लागते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेले ज्येष्ठ नागरिक ऑनलाइन तत्काळमधून बाहेर पडतात. त्यांच्यासाठी आरक्षण खिडकी आहे. तिथेही टप्प्याटप्प्याने ओटीपी आला, पण तो अर्जावर लिहिलेल्या मोबाइल क्रमांकावर येतो. ऑनलाइनच काढायचे असेल, तर आयआरसीटीसीच्या ‘माय अकाउंट’मध्ये जाऊन पडताळणी आदल्या दिवशीच उरकावी. ९ वाजून ५८ मिनिटांनी ती सुरू केली, तर तिकीट हाती लागणे कठीण.