पाणी खुणेपर्यंतच घाला!

आई-बाबांनो, आजी-आजोबांनो,

लेकरू तापानं फणफणलंय. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं ड्राय सिरप लिहून दिलंय आणि मेडिकलमधून आणलेल्या बाटलीत नुसती पावडर आहे. हे औषध आता तुमच्या हातून तयार होणार आहे. म्हणून दोन मिनिटं थांबा. हे वाचा, मगच झाकण उघडा.

बाटलीवर ‘३० मिली’ छापलेलं असतं. ते पाहून ३० मिली पाणी मोजून ओतू नका! पावडरही जागा घेते. ३० मिली म्हणजे पावडर आणि पाणी मिळून. बाटलीवर बाण किंवा रेघ असते, ती शोधा.

‘५ मिलीत १२५ मिग्रॅ’ असं लिहिलं असेल, तर ३० मिलीच्या बाटलीत औषध ७५० मिग्रॅ. पाणी जास्त पडून मिश्रण ४० मिली झालं, की त्याच ५ मिलीत जेमतेम ९४ मिग्रॅ उरतं. बाळ प्रत्येक डोस शहाण्यासारखं पितं, पण पाव हिस्सा औषध त्याला मिळतच नाही. जंतू पुरते मरत नाहीत. उलट २० मिलीवरच थांबलात, तर दर डोसला दीडपट औषध त्या इवल्याशा पोटात जातं.

हे तुम्हीच टाळू शकता. आधी बाटली हलवून पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या, गरम नको. खुणेच्या थोडं खाली येईल इतकं घाला, झाकण लावा, जोरात हलवा. फेस बसू द्या. फेस असताना पातळी फसवते. मग खुणेपर्यंत भरा, पुन्हा हलवा.

औषध तळाशी बसतं. म्हणून प्रत्येक वेळी हलवा. न हलवता दिलंत, तर पहिले डोस पातळ आणि शेवटचे कडक. स्वयंपाकघरातला चमचा नको, सोबतचं मापच वापरा. तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटचं मिश्रण फ्रिजमध्ये ठेवा, ७ दिवसांनी टाकून द्या. बाकीच्यांची मुदत लेबलवर वाचा. उरलेलं धाकट्यासाठी जपून ठेवू नका.

एकाच औषधाच्या कमी-जास्त ताकदीच्या बाटल्या मिळतात. मेडिकलवाल्यानं दुसरी दिली, तर ‘५ मिली’चा अर्थच बदलतो. चिठ्ठीवरचा आकडा बाटलीशी ताडून पाहा. शंका आली तर तिथंच विचारा, गर्दी असली तरी विचारा.

आणि तयार केलेली बाटली आज घरात असेल, तर आत्ताच उठून पाहा. पहिल्या डोसाआधीच पाणी खुणेच्या वर गेलं होतं का? मग पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. नवी बाटली आणावी लागली, तरी आणा.