मावचीतले दुखणे

सुरतहून भुसावळकडे निघालेली गाडी नवापूरला थांबते, तेव्हा फलाटाचा एक तुकडा गुजरातेत असतो आणि दुसरा महाराष्ट्रात. तिथून थोडे पुढे चिंचपाडा. इथले ख्रिश्चन रुग्णालय इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही संस्था चालवते. देशभरातल्या अशा मिशन रुग्णालयांत परदेशातून वैद्यकीय विद्यार्थी किंवा चर्चच्या सेवा-कार्यक्रमातले तरुण काही आठवड्यांसाठी येतात. परत गेल्यावर ते पहिल्या दिवसांविषयी जे लिहितात, ते बहुधा एकाच वळणाचे असते. उकाडा, हसरी मुले, गरिबीतले समाधान आणि शेवटी ‘द्यायला गेलो आणि घेऊनच आलो’.

खोटे त्यात काही नसते. पण पाहुण्याने काय पाहिले ते कळते; पाहुणा कसा दिसला, हे मात्र कोणी कुणाला विचारलेलेच नसते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातल्या कुठल्याही ओपीडीतली सकाळ डोळ्यांपुढे आणावी. बाकावरची बाई मावची या इथल्या बोलीत बोलते, नर्स त्याचे मराठी करते आणि डॉक्टर पाहुण्यासाठी त्या मराठीचे इंग्रजी करतात. बाई मिनिटभर बोलते: भात लावायला दिवसभर पाण्यात वाकले, रात्री थंडी वाजली आणि पहाटे मांड्यांच्या हाडांत कळ उठली. पाहुण्याच्या वहीत उतरतात दोन शब्द, पाय दुखतात. आता नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल हा आजार घरोघरी माहीत आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा सुरू होतात. थंडी, अतिश्रम, अंगातले पाणी कमी होणे, यांनी त्या चाळवतात. म्हणजे निदानाची वाट दाखवणारे जे काही होते, ते त्या गळालेल्या वाक्यांतच होते.

भाषेचा आग्रह धरायचा तो यासाठी. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. मावची, पावरी, वसावी आणि भिलीच्या इतर बोलींत तिचे दुखणे-खुपणे, भांडण-तंटा, देवधर्म चालतो. धडगावात उतरलेला पुण्याचा समाजकार्याचा विद्यार्थीही तसा परदेशीच. त्याला व्हिसा लागत नाही, इतकेच.

खानदेशाला असे पाहुणे नवे नाहीत. नंदुरबारात एस. ए. मिशन ही अक्षरे शाळेमुळे पोराटोरांच्या तोंडी आहेत, पण त्यामागे स्कँडिनेव्हिया आहे हे थोड्यांनाच ठाऊक. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९० साली शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन उभे केले. त्यांच्या प्रेरणेने निघालेल्या मंडळींचे काम विसाव्या शतकात पश्चिम खानदेशात रुजले. ती माणसे बोटीने येत आणि वर्षानुवर्षे राहत. मराठी शिकल्याशिवाय त्यांचा निभाव लागत नसे. त्यांना धर्मप्रसारही करायचा होता आणि ते त्यांनी लपवलेले नाही. धर्मांतरावरून नवापूर भागातले वाद आजही धुमसतात, आणि आजाऱ्याच्या अगतिकतेचा फायदा कोणी घेऊ नये, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र ज्या पाहुण्याला मावची कळते, त्याला आजारी माणूसही तोंडावर उलट प्रश्न विचारू शकतो. दुभाष्यामागे बसलेल्याला तो विचारायचा कसा?

पहिल्या नजरेला किती कमी दिसते, याचा दाखला फादर थॉमस स्टीफन्स यांचा. हा इंग्रज जेझुइट १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि तीन आठवड्यांच्या आतच त्याने वडिलांना पत्र धाडले. पत्रभर समुद्र, वारे, पक्षी, मासे! माणसे जेमतेम. त्याच स्टीफन्सने पुढे १६१६ साली ओव्यांतले ‘क्रिस्तपुराण’ छापले आणि त्यात मराठीची तोंडभरून स्तुती केली. मधे ३७ वर्षे गेली.

एवढी वर्षे आता कोण देणार, हे मान्य. पण जर्मनीच्या सरकारने २००८ साली सुरू केलेल्या ‘वेल्टवेर्ट्स’ योजनेत तरुण बहुधा वर्षभरासाठी बाहेर जातात, आणि पाठवणाऱ्या संस्थांत चर्चच्या संस्थाही आहेत. मग नंदुरबारसाठी निदान सहा महिन्यांची अट घालायला काय हरकत? पहिले सहा आठवडे फक्त बोली. शिकवायला गावातलीच बाई किंवा शाळा सोडलेला पोरगा, आणि त्याला रीतसर पगार. पाहुण्याच्या विमानभाड्यापुढे ही रक्कम किरकोळच ठरेल. शिवाय पहिल्याच दिवशी नाते सरळ होते: पाहुणा विद्यार्थी, पाड्यावरची बाई मास्तरीण.

पाहुण्याविषयी यजमानाने लिहिल्याचे एक उदाहरण मराठी माणसाच्याच नावावर आहे. व्हेरियर एल्विन १९२७ साली इंग्लंडहून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, तेही धर्मसेवेसाठीच. तिथे त्यांना शामराव हिवाळे भेटले. १९३२ मध्ये दोघे मंडलाच्या गोंड गावांत राहायला गेले. पुढे एल्विन चर्चमधून बाहेर पडले, आदिवासींचे अभ्यासक म्हणून जगभर गाजले आणि स्वतंत्र भारताचे नागरिक झाले. हिवाळ्यांचे नाव मात्र मागेच राहिले, खरे तर शाळा-दवाखान्याचा भार त्यांनीच वाहिला. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षी, १९४६ साली, ‘स्कॉलर जिप्सी’ नावाचे एल्विन यांच्यावरचे पुस्तकही.

तीच नर्मदा खाली येऊन अक्कलकुवा-धडगावच्या उत्तर सीमेवरून वाहते. तिथल्या पाड्यांतली मुले आता कॉलेजात जातात, परिचारिका होतात, मोबाइलवर पावरी गाणी टाकतात. पाहुण्यांविषयी त्यांना काय वाटते, हे विचारायला दुभाष्याही लागणार नाही. मराठीत विचारले तरी सांगतील.