एका पंख्यासाठी अख्खा लॅपटॉप फेकायचा का?

मार्च संपता संपता माझा सात वर्षं जुना लॅपटॉप घरघरायला लागला. आधी वाटलं कूलरचा आवाज आहे. कूलर बंद केला तरी घरघर सुरूच. कान लावून ऐकलं तेव्हा कळलं, आतला छोटा पंखा गेलाय. दहा मिनिटांत मशीन तव्यासारखं तापायचं आणि एक फॉर्म भरायला अर्धा तास लागायचा.

नागपूरला कंपनीच्या सेवा केंद्रात घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोराने मॉडेल नंबर टाकला आणि म्हणाला, "सर, हे मॉडेल बंद झालं. सुटा पंखा मिळत नाही. एक्सचेंजमध्ये नवीन घेऊन टाका ना."

त्याने लॅपटॉप उघडूनही पाहिला नाही. जाण्या-येण्याचा खर्च आणि एक दिवस वाया.

परत आल्यावर भंडाऱ्यातल्याच एका छोट्या दुकानात नेला. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि मागे मेलेल्या लॅपटॉपची थप्पी. दुकानदार म्हणाला, "ठेवून जा जी. पंखा मागवतो, चार दिवसांनी या." माझ्यासमोरच त्याने मागचं झाकण काढलं. आधी बॅटरीची वायर सोडवली, मग पंखा काढला. पंख्याच्या तोंडाशी, जिथून गरम हवा बाहेर पडते त्या तांब्याच्या जाळीवर धुळीचा असा थर होता की जणू गोधडीचा तुकडा. पाचव्या दिवशी लॅपटॉप हातात. पंखा, प्रोसेसरवरची नवी पेस्ट आणि मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं. आता आवाज नाही, ताप नाही.

मी वाचलो, चांगलं झालं. पण हा विषय माझ्या एका लॅपटॉपचा नाही, म्हणून हे लिहितोय.

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात वापरायचं तापमान दिलेलं असतं. बहुतेकांत ते जास्तीत जास्त ३५ अंश असतं. आता आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा. पारा ४५ च्या आसपास, त्यात दुपारची लाइट गेलेली. पंखा बाहेरची हवा ओढून प्रोसेसर थंड करतो, पण बाहेरची हवाच तापलेली असेल तर त्या बिचाऱ्याने काय करावं? तो पूर्ण वेगाने फिरत राहतो. आतलं वंगण सुकतं, बेअरिंग झिजतं, घरघर सुरू होते. शेवटी प्रोसेसर जळू नये म्हणून मशीन स्वतःच आपला वेग कमी करतं. आपण समजतो लॅपटॉप म्हातारा झाला. प्रत्यक्षात त्याचा फक्त श्वास कोंडलेला असतो.

त्यात आपला जिल्हा धानाचा. मळणीच्या दिवसांत गावात आणि राईस मिलच्या आजूबाजूला जो बारीक कोंडा उडतो, तो घरातल्या देव्हाऱ्यापर्यंत पोचतो. लॅपटॉपच्या जाळीत जाणार नाही होय?

म्हणजे आपल्यासाठी हा पंखा मोटरसायकलच्या चेन-स्प्रॉकेटसारखा आहे. झिजणारच, बदलावाच लागणार. वीस वर्षं जुन्या गाडीची चेन तुमसरला मिळते, साकोलीला मिळते, लाखांदूरलाही मिळते. चेन घासली म्हणून गाडी भंगारात घाला असं कोणी मेकॅनिक म्हणाला तर आपण त्याला वेड्यात काढू. लॅपटॉपवाल्याने तेच सांगितलं तर मात्र मान डोलावून ईएमआय काढतो. काऊन?

गाड्यांचंही सगळं आपोआप झालेलं नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकला मिळू न देणं म्हणजे स्पर्धेची गळचेपी, असा आदेश भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध दिला. कंपन्या वरच्या न्यायालयात गेल्या ती गोष्ट वेगळी, पण तत्त्व तेव्हाच मांडलं गेलं. वस्तू विकली की ती घेणाऱ्याची झाली. ती कोणाकडून दुरुस्त करायची हे घेणाराच ठरवेल.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. पुढे कोणती वस्तू किती सहज दुरुस्त होते याला गुण देण्यासाठी दुसरी समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. चांगलं पाऊल आहे, पण त्यात पहिला मान स्मार्टफोन आणि टॅबलेटला. पंखा असलेला लॅपटॉप मागच्या रांगेत! फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना त्याच्यावर दहापैकी दुरुस्तीचे गुण छापावे लागतात. गिऱ्हाईक किमतीसोबत गुणही पाहतं. आपल्याला हे का मिळू नये?

आता दुसरी बाजूही बघू. कंपनीवाले म्हणतात, बाहेरचे पार्ट डुप्लिकेट असतात. खरं आहे, असतात. माझ्या लॅपटॉपमधला नवा पंखा अस्सल आहे की नाही, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण अस्सल पार्ट तुम्ही विकतच नाही, मग डुप्लिकेटचा बाजार कोणी उभा केला?

आणि प्रत्येक जुनं मशीन वाचवावंच असंही माझं म्हणणं नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. बँकेची कामं करणाऱ्याने याचा विचार करावा. पण लिनक्स फुकट आहे, आणि पोरांच्या अभ्यासाला, टायपिंगला, एमपीएससीचे व्हिडिओ बघायला असं मशीन अजून काही वर्षं मजेत चालतं. गावातल्या ज्या घरात एकच लॅपटॉप आहे, तिथे पंखा जाणं म्हणजे पोरीचा अभ्यास थांबणं. सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराचा पंखा गेला तर त्याचा धंदाच बंद.

आपलं भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जायचं. भांडं चेपलं तर ठोकून घ्यायचं, कल्हई उडाली तर पुन्हा लावायची आणि अगदीच गेलं तर मोड म्हणून देऊन नवं घ्यायचं. मोड सगळ्यात शेवटी! आता एक्सचेंजच्या नावाखाली पहिल्याच दिवशी मोड मागतात, आणि आपण देतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, दुरुस्तीच्या गुणांकनात लॅपटॉप लगेच घ्या. पंखा, बॅटरी, बिजागरी, कीबोर्ड, चार्जिंगची पिन हे भाग मॉडेल बंद झाल्यावरही निदान सात वर्षं, छापील किमतीत, कोणत्याही दुरुस्ती करणाऱ्याला मिळाले पाहिजेत.

दोन, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि सरकारी कार्यालयांसाठी संगणक घेताना सुट्या भागांची हमी ही निविदेतली अट असावी. यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही. जिल्हा नियोजन समितीत बसणाऱ्या आपल्या लोकप्रतिनिधींनी हा विषय काढावा.

तीन, आपल्या आयटीआयमध्ये लॅपटॉप दुरुस्तीचे छोटे वर्ग सुरू करा. नागपूरला जाणारं गिऱ्हाईक इथेच थांबेल आणि दहा-वीस पोरांना हाताला काम मिळेल.

तोवर आपण काय करायचं? लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवू नका. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आधी, आतून साफ करून घ्या. घरघर ऐकू आली की थांबू नका, तेव्हा काम स्वस्तात होतं. कंपनीने पार्ट नाकारला तर ते लेखी मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करा. एकट्याची तक्रार दाबली जाते, शंभर जणांची मोजावी लागते.

तुमच्याकडेही असा एखादा लॅपटॉप कपाटात पडलाय का? काय बिघडलं होतं आणि काय उत्तर मिळालं, ते खाली लिहा. आणि तुमच्या गावात चांगला दुरुस्ती करणारा असेल तर त्याच्या दुकानाबद्दलही सांगा. अशा माणसांची जाहिरात कोणी करत नाही, निदान आपण तरी करू.