उसाच्या व्याजातला एक दिवस

कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, द्यावी, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. कोल्हापुरात मी असले हिशेब एक्सेलमधून पायथॉन या संगणकभाषेत आणतो. जुन्या फायलीत कधी ‘डेज३६०’ हे सूत्र सापडतं. ते प्रत्येक महिना ३० दिवसांचाच धरतं. १ डिसेंबरच्या उसाचे पैसे १५ जानेवारीला आले, तर मुदतीचे १४ दिवस वगळून उशीर ३१ दिवसांचा. सूत्र ३० म्हणतं. लाखाच्या थकबाकीवर शेतकऱ्याचे ४१ रुपये गेले! पायथॉनमध्ये तारखेतून तारीख वजा केली की खरे दिवस मिळतात. ‘जुना आकडा जुळला पाहिजे’ म्हणून तीच चूक नव्या प्रणालीत उतरवणं मला मान्य नाही. कारखान्यांनी दिवस मोजायची पद्धत फलकावर लावावी. आणि शेतकरी बंधूंनो, वजनपावतीवरची तारीख जपून ठेवा, दिवस स्वतः मोजा.