विमानातील इन्शुलिन आणि चौविहार

मुंबईच्या हिरे बाजारातील एक साठीचे गृहस्थ व्यापारानिमित्त गेली अनेक वर्षे अँटवर्पला जातात. मधुमेह पंधरा वर्षांचा, चौविहाराचा नियम त्याहून जुना. मागील हिवाळ्यात, विमान उतरण्यास दीड तास असताना, जेवणाची गाडी येताना दिसली म्हणून सवयीने त्यांनी इन्शुलिन टोचून घेतले. इतक्यात हवा बिघडली, पट्टे बांधण्याची सूचना झाली आणि गाडी मागे फिरली. खिडकीबाहेर सूर्य मावळला. थोड्याच वेळात कपाळावर घाम, हातांना कंप. पत्नीने ग्लुकोजची पूड पुढे केली. त्यांनी मानेनेच नकार दिला.

रक्तातील साखर 70 च्या खाली जाणे हा धोक्याचा इशारा. यंत्राने 58 दाखविले. पत्नीने एवढेच विचारले, “पच्चक्खाणात सर्वसमाधीचा आगार कशासाठी ठेवला आहे?” रोगाने चित्ताची समाधी ढळू लागली तर औषध घेतल्याने पच्चक्खाणाचा भंग होत नाही, हे ते स्वतःच इतरांना सांगत आले होते. त्यांनी सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज घेतले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी केली. (अशा वेळी पुष्कळजण मध सुचवितात. श्रावकास तो अभक्ष्य. ग्लुकोज किंवा साखर तेच काम करते.)

चूक इन्शुलिनची नव्हती, वेळेची होती. जेवणापूर्वीचे इन्शुलिन ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्यावे. जैन भोजनाची नोंद किमान 24 तास आधी करावी लागते. तरीही ते चुकते, म्हणून हातपिशवीत खाखरे हवेतच. हिवाळ्यात बेल्जियमचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. डिसेंबरात तेथे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, तर जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यामुळे चौविहार आणि मात्रा यांचे वेळापत्रक प्रत्येक ऋतूत निराळे होते. ते निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

आणखी एक विसंगती. हिऱ्यांचे पाकीट कधीही सामानात न टाकणारे हे गृहस्थ इन्शुलिन मात्र खुशाल मोठ्या बॅगेत टाकीत. विमानाच्या पोटात ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन वितळले तरी निकामीच. बर्फाच्या पिशवीलाही ते थेट चिकटू देऊ नये. सर्व औषधे, सुया व यंत्र हातपिशवीत, तीही दोघांत विभागून. सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र आणि पासपोर्टवरील नावाशी जुळणारी चिठ्ठी. औषधी द्रवांना 100 मिलिलिटरच्या मर्यादेतून सवलत मिळते, मात्र तपासणीच्या वेळी ते आधीच सांगून वेगळे दाखवावे.

सर्वांत घातक घोटाळा सिरिंजचा. भारतात इन्शुलिनची कुपी बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटची असते, परदेशात 100 ची. आपल्या लाल टोपीच्या सिरिंजने तिकडच्या कुपीतून 10 च्या रेषेपर्यंत ओढले, तर शरीरात 25 युनिट जातात. हिशेबात मुरलेल्या माणसाचाही येथे घात होतो. तिकडे कुपी घेतलीच तर सिरिंजही तिकडचीच घ्यावी.

त्या प्रवासानंतर ग्लुकोजची एक पुडी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. दुसरी अजूनही पत्नीच्या पर्समध्ये.