रोग्याला आधीं माणूस म्हणा

वयांत आलेल्या, चार पैसे मिळविणाऱ्या माणसानें आपलें दुःख परक्यापुढें जाऊन सांगावें आणि त्यानें तें फी घेऊन ऐकावें, ही हल्लींची एक चैन आहे, असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आपल्यांत थोडे नाहींत. त्यांतून तो माणूस समलिंगी असला, तृतीयपंथी असला, किंवा आपल्या जातीमुळें झालेल्या अपमानाविषयीं बोलूं लागला, कीं हे गृहस्थ अधिकच चिडतात. समुपदेशकानें अशांच्या ‘वेडाला’ मान डोलवावी, हें कसलें शास्त्र, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न सरळ आहे; उत्तरही सरळच दिलें पाहिजे.

प्रथम ‘वेड’ या शब्दाचा निकाल लावूं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालींच समलिंगी आकर्षणाला रोगांच्या यादींतून काढून टाकिलें. सप्टेंबर २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सज्ञान व्यक्तींमधील राजीखुशीचे असे संबंध गुन्हा नव्हेत असा निर्णय दिला. २०२२ सालीं राष्ट्रीय वैद्यक आयोगानें असल्या माणसांना ‘सुधारण्याचे’ उपचार म्हणजे वैद्यकाचें गैरवर्तन होय असें ठरविलें. शास्त्र आणि कायदा दोन्ही येथवर आलीं. मागें राहिलीं तीं आमचीं घरें. तिशीच्या मुलाला फसवून ‘सुधारणाऱ्या’ डॉक्टरकडे नेणारा बाप स्वतःला पुत्रवत्सल समजतो, आणि त्याच मुलाला खरोखरीचें औदासीन्य जडलें म्हणजे ‘उगीच कुढतोस’ म्हणून मोकळा होतो. जो रोग नाहीं त्यावर औषध, आणि जो आहे त्यावर उपदेश, असा हा उफराटा न्याय आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, रोग्याचा स्वीकार करणें म्हणजे त्याची खुशामत करणें. हा शुद्ध गैरसमज आहे. रोगी मद्याच्या आहारीं गेला असेल, तर चांगला समुपदेशक त्याला तें स्पष्ट सांगतोच. त्याचा एखादा विचार चुकत असेल, तर तोही दाखवून देतो. तो एवढेंच करीत नाहीं कीं, माणसाचें असणें हाच त्याचा दोष समजत नाहीं. यांत दयेपेक्षां व्यवहार अधिक आहे. ज्या रोग्याचा अर्धा वेळ स्वतःला लपविण्यांत जातो, तो आपली हकीकत अर्धीच सांगतो. आणि अर्ध्या हकीकतीवर निदान करणारा वैद्य अंधारांत तीर मारतो.

जातीची गोष्टही अशीच. आडनांव ऐकतांच कचेरींतील सहकाऱ्यांचा सूर बदलतो, असें एखाद्यानें सांगितलें आणि समुपदेशकानें ‘तुम्ही फार मनाला लावून घेतां’ असें उत्तर दिलें, तर त्यानें जखम करणाऱ्याला सोडून जखमी झालेल्यालाच अपराधी ठरविलें. असा रोगी पुन्हा त्या दाराशीं येत नाहीं.

आणि हा अन्याय परक्यांवरच होतो असें वाचकांनीं समजूं नये. गर्भाशयाच्या आंतील अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर वाढणें, या विकाराला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. प्रजननक्षम वयाच्या सुमारें १० टक्के स्त्रियांना तो असतो, आणि त्याचें निदान होण्यास पुष्कळदां कित्येक वर्षें लागतात. तोंवर त्या स्त्रीला काय ऐकावें लागतें? ‘पाळींत सगळ्यांच्याच पोटांत दुखतें’, ‘लग्न झालें, मूल झालें कीं थांबेल’, ‘मनाचे खेळ आहेत’! दुखण्याच्या जोडीला हा अविश्वास सोसून तिचें मनही खचतें. तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवणें हें उपचाराचें पहिलें पाऊल होय. मात्र शेवटचें नव्हे. जो समुपदेशक अशा स्त्रीला गोड शब्द सांगून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे धाडीत नाहीं, तोही तिची फसवणूकच करितो.

राहिला चैनीचा मुद्दा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रोग्यांना उपचारच मिळत नाहींत. ज्या वस्तूवांचून इतके लोक अडून बसले आहेत, तिला चैन म्हणणें ही थट्टा झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें सरकारी खर्चानें चालणारे असे उपचार मिळण्याचा हक्क जात, धर्म, लिंग, लैंगिक कल किंवा अपंगत्व न पाहतां प्रत्येकास दिला आहे. पण कायदा दार उघडतो. आंत गेल्यावर माणसाला बसा म्हणणें हें माणसांचेंच काम आहे.

हें कांहीं परदेशाहून आणलेलें खूळ नव्हे. रघुनाथराव कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ काढलें, आणि जे प्रश्न लोक घरांत उच्चारूं धजत नसत, त्यांचीं उत्तरें प्रश्नकर्त्याची निर्भर्त्सना न करितां दिलीं. त्यापायीं १९३४ सालीं त्यांच्यावर खटला झाला, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. हीच परंपरा आपण मिरवितों. मग आपल्याच घरांतला कोणी उद्यां दबल्या आवाजांत कांहीं सांगूं लागला, तर त्याला उपदेश करण्यापूर्वीं त्याचें बोलणें पुरतें ऐकून घेण्याइतकी सभ्यता आपण दाखविणार कीं नाहीं, एवढेंच विचारावयाचें आहे.